आधी वेळापत्रक, मग यादी: जुळणारं लिबरल आर्ट्स कॉलेज शोधायला सुरुवात कुठून करायची

अमेरिकेत कॉलेजचा शोध बहुतेक घरांत एका यादीपासून सुरू होतो. कुणीतरी रँकिंग उघडतं, वरची वीस-पंचवीस नावं वहीत उतरवली जातात आणि पुढचं वर्षभर सगळं घर त्या नावांमागे धावतं. मोठ्या विद्यापीठाच्या बाबतीत हे एक वेळ खपून जातं, कारण तीस हजार विद्यार्थ्यांत प्रत्येकाला आपापला कोपरा सापडतो. लिबरल आर्ट्स कॉलेजच्या, म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणाऱ्या छोट्या निवासी कॉलेजच्या, बाबतीत मात्र ही पद्धत महागात पडते. दोन हजार मुलांचं कॉलेज हे एक लहानसं गावच असतं. तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं, तिथंच शिकायचं, तेही चार वर्षं. रँकिंगमध्ये एकाखाली एक असलेल्या दोन कॉलेजांतलं रोजचं जगणं अगदी वेगळं असू शकतं. म्हणून शोध त्या रोजच्या जगण्यापासून सुरू करावा, असं मला मनापासून वाटतं. नावं नंतर येऊ द्या.

आधी नावाचा घोळ मिटवू. यातल्या ‘लिबरल’चा राजकारणाशी संबंध नाही, आणि ‘आर्ट्स’ म्हणजे आपली बारावीनंतरची कला शाखा नव्हे. लॅटिनमध्ये ‘लिबर’ म्हणजे स्वतंत्र. स्वतंत्र नागरिकाला शोभेल असं शिक्षण, असा मूळ अर्थ. मध्ययुगीन युरोपात त्यात सात विषय येत: व्याकरण, तर्कशास्त्र, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र. म्हणजे गणित आणि विज्ञान पहिल्यापासून आत आहेत. 2020 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या जेनिफर डाउडना कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या पदवीधर आहेत. 1989 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले थॉमस चेक आणि इंटेलच्या संस्थापकांपैकी एक असलेले रॉबर्ट नॉइस हे दोघंही आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचे. त्यामुळे “मुलाला सायन्स करायचंय, मग लिबरल आर्ट्स कशाला?” हा प्रश्न एकदाच सोडवून बाजूला ठेवता येतो.

आता अशा कॉलेजात नेमकं वेगळं काय असतं? सगळ्यात मोठा फरक म्हणजे तिथं बहुतेक सगळे विद्यार्थी पदवीचेच असतात. एम.एस. आणि पीएच.डी. करणारी मुलं जवळपास नसतातच. मोठ्या संशोधन विद्यापीठात पहिल्या वर्षाला तीनशे जणांचं लेक्चर प्राध्यापक घेतात, पण गृहपाठ तपासणारा, प्रयोगशाळेत शेजारी उभा राहणारा पुष्कळदा पीएच.डी.चा विद्यार्थी असतो. लिबरल आर्ट्स कॉलेजात ती मधली पायरीच नाही. निबंध प्राध्यापक वाचतात आणि संशोधनात मदतनीस लागला तर दुसऱ्या वर्षाच्या मुलीला बोलावतात, कारण दुसरं कुणी नाहीच. दर आठ-दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, हे तिथलं नेहमीचं प्रमाण.

याची दुसरी बाजू माहितीपत्रकात छापलेली नसते. विभाग छोटे असतात. एखाद्या विषयाला तीन किंवा चारच प्राध्यापक असू शकतात. इंजिनिअरिंग तर बहुतेक ठिकाणी नसतंच. स्वार्थमोर, स्मिथ, हार्वी मड, लाफायेत अशा मोजक्या कॉलेजांत ते मिळतं. बाकी अनेक ठिकाणी तीन वर्षं इथं आणि दोन वर्षं एखाद्या विद्यापीठात, अशी पाच वर्षांची जोड-योजना असते. ती ऐकायला छान वाटते, पण त्यात चौथ्या वर्षी मित्रमंडळी सोडून निघावं लागतं, आणि पाचव्या वर्षाचे पैसे वेगळे. तेव्हा इंजिनिअरच व्हायचं हे पक्कं असेल तर या वाटेचा नीट विचार करा.

बाहेरून ही कॉलेजं एकसारखी दिसतात. विटांच्या इमारती, हिरवळ, झाडाखाली गोल करून बसलेला वर्ग. आत गेल्यावर मात्र प्रत्येकाचा शिकवण्याचा स्वभाव निराळा निघतो, आणि खरी निवड इथंच करायची असते.

मॅसॅच्युसेट्समधल्या अॅमहर्स्टमध्ये पहिल्या वर्षाचा एक सेमिनार आणि पुढे आपला मेजर, म्हणजे मुख्य विषय, पूर्ण करायचा, एवढंच सक्तीचं. बाकी काय घ्यायचं ते विद्यार्थ्यानं सल्लागाराशी बोलून ठरवायचं. ग्रिनेलमध्येही साधारण तसंच. याच्या अगदी उलट टोकाला सेंट जॉन्स कॉलेज. अॅनापोलिस आणि सांता फे अशा दोन ठिकाणी ते आहे, आणि तिथं मेजर हा प्रकारच नाही. सगळे विद्यार्थी तोच अभ्यासक्रम शिकतात: युक्लिडची भूमिती मूळ ग्रंथातून, प्राचीन ग्रीक भाषा, आणि होमर-प्लेटोपासून पुढे येणारे ग्रंथ, तेही टेबलाभोवती बसून, चर्चा करत. एकाला हे स्वर्ग वाटेल, दुसऱ्याचा जीव गुदमरेल. दोघंही बरोबर असतील.

कोलोरॅडो कॉलेजात 1970 पासून ‘ब्लॉक प्लॅन’ चालतो. एका वेळी एकच विषय, सलग साडेतीन आठवडे. भूशास्त्र घेतलं असेल तर सगळा वर्ग उठून आठवडाभर डोंगरात जाऊ शकतो, कारण दुसरा कुठलाच तास बुडत नाही. पण साडेतीन आठवड्यांत त्या विषयाचं अख्खं सेमिस्टर बसवलेलं असतं. दोन दिवस तापानं पडलात तर मोठा भाग हातातून निसटतो. ज्याला गोष्टी हळूहळू मुरायला वेळ लागतो, त्याला कॅल्क्युलस असं शिकणं जड जाईल.

ओरेगॉनमधल्या रीड कॉलेजात श्रेणी नोंदवल्या जातात, पण काम ठीक चालू असेल तर त्या आपणहून दाखवल्या जात नाहीत. प्राध्यापक लेखी अभिप्राय देतात. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो. याच कॉलेजात एक छोटी संशोधन अणुभट्टी आहे आणि ती पदवीचे विद्यार्थी परवाना घेऊन चालवतात. ओहायोतल्या वूस्टरमध्येही शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतंत्र संशोधन करावं लागतं. विल्यम्समध्ये ‘ट्युटोरियल’ नावाचा वर्ग असतो: एक प्राध्यापक, दोन विद्यार्थी. एका आठवड्यात एकानं लेख लिहून आणायचा, दुसऱ्यानं त्याची चिकित्सा करायची, पुढच्या आठवड्यात उलट. तिथं मागच्या बाकावर लपायची सोय नाही.

ही उदाहरणं वाचताना तुमच्या मनात “अरे, हे मस्त” किंवा “नको रे बाबा” असं काहीतरी उमटलं असेल. ते लगेच लिहून ठेवा. वक्तृत्वस्पर्धेत बक्षीस मिळवणारी मुलगी वर्गात गप्प बसणारी असू शकते, आणि एरवी अबोल असलेला मुलगा सहा जणांच्या वर्गात खुलतो. गेल्या दोन वर्षांत कुठल्या वर्गात वेळ कसा गेला ते कळलं नाही? तिथं शिकवण्याची रीत काय होती? कुठल्या गृहपाठाची तुम्ही टाळाटाळ केली? ही उत्तरं कॉलेजाच्या नावाआधी हवीत. आई-वडिलांनी ती मुलांच्या वतीनं देऊ नयेत, शेजारी बसून ऐकावीत.

यानंतर संगणक उघडायचा, पण कॉलेजाचं देखणं मुख्य पान बाजूला ठेवायचं. शोधायचं ते रजिस्ट्रार कार्यालयाचं पान, म्हणजे या सेमिस्टरला प्रत्यक्षात कोणते वर्ग चालू आहेत त्याचं वेळापत्रक. बऱ्याच कॉलेजांचं ते कुणालाही बघता येतं. कॅटलॉग आणि वेळापत्रक यांत गल्लत करू नका. कॅटलॉग म्हणजे हॉटेलचं छापील मेनूकार्ड, वेळापत्रक म्हणजे आज स्वयंपाकघरात खरोखर काय शिजतंय ते.

समजा एका मुलीला भाषाशास्त्रात रस आहे. कॅटलॉगमध्ये तिला बावीस कोर्स दिसतात आणि ती हरखून जाते. मग ती गेल्या दोन वर्षांची म्हणजे चार सेमिस्टरची वेळापत्रकं काढते आणि एका कागदावर प्रत्येक कोर्सपुढे किती वेळा तो शिकवला गेला त्याच्या रेघा ओढते. प्रास्ताविक कोर्सपुढे चार रेघा येतात. ध्वनिशास्त्रापुढे दोन. वाक्यरचनेच्या वरच्या पातळीच्या कोर्सपुढे एकच. नऊ कोर्सपुढे रेघच नाही. शिक्षकांच्या रकान्यात तीन नावं, त्यातलं एक ‘पाहुणे प्राध्यापक’ म्हणून आलेलं आणि पुढच्या सेमिस्टरला गायब. उरलेल्या दोघांपैकी एक जण पुढच्या वर्षी अभ्यासरजेवर जाणार. अमेरिकी प्राध्यापकांना ठरावीक वर्षांनी अशी रजा मिळते, आणि मोठ्या विभागात त्यानं काही बिघडत नाही. दोघांच्या विभागात मात्र अर्धा विभागच रजेवर गेलेला असतो.

एवढ्यावरून ते कॉलेज वाईट ठरत नाही. त्या मुलीला आता खरा प्रश्न विचारता येतो: उरलेले कोर्स शेजारच्या कॉलेजात करता येतील का? प्राध्यापकाबरोबर स्वतंत्र अभ्यास घेता येतो का? एका दुपारच्या या कामानं जे कळतं ते शंभर माहितीपत्रकांतून कळत नाही. कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांनी याच पानावर आणखी एक आकडा पाहावा: वर्गाची मर्यादा किती आणि नोंदणी किती. अनेक छोट्या कॉलेजांत या विषयाला शिक्षकांपेक्षा मागणी जास्त आहे आणि हवा तो वर्ग हव्या त्या वर्षी मिळेलच असं नसतं.

शेजारच्या कॉलेजाचा विषय निघालाच आहे तर जागेबद्दल थोडं. पोमोना, स्क्रिप्स, पिट्झर, क्लेअरमाँट मकेना आणि हार्वी मड ही पाच कॉलेजं एकमेकांना खेटून उभी आहेत आणि एकातला विद्यार्थी दुसऱ्यात वर्ग घेऊ शकतो. मॅसॅच्युसेट्समध्ये अॅमहर्स्ट, स्मिथ आणि माउंट होलिओक यांचा तिथल्या मोठ्या सरकारी विद्यापीठाशी असाच करार आहे आणि त्यांच्यामध्ये बस धावतात. अशा ठिकाणी छोट्या कॉलेजाची जवळीकही मिळते आणि विषयांची टंचाईही कमी होते. उलट ग्रिनेल हे मक्याच्या शेतांमध्ये वसलेलं जेमतेम दहा हजारांच्या आतबाहेरच्या वस्तीचं गाव. शहर गाठायला गाडीनं तासभर. मिनेसोटातल्या नॉर्थफील्डमध्ये कार्लटन आणि सेंट ओलाफ ही दोन कॉलेजं आहेत, आणि गावाचं जुनं ब्रीदच आहे: गाई, कॉलेजं आणि समाधान. फेब्रुवारीत तिथं दुपार कशी सरते, याची कल्पना आधी करून पाहा. मॅकॅलेस्टर मात्र त्याच राज्यात, सेंट पॉल शहराच्या वस्तीतच आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान तिथं शिकले.

आता पैशांचं. अनेक घरांत इथं शोध सुरू होण्याआधीच थांबतो, म्हणून जरा थांबून सांगते. नामांकित खासगी लिबरल आर्ट्स कॉलेजांचा जाहीर वार्षिक खर्च आज 80,000 डॉलरच्या पुढे आहे. फी, राहणं, जेवण सगळं धरून. आकडा बघून छातीत धस्स होतं. पण तो छापील भाव आहे, आणि बरीच कुटुंबं तेवढे पैसे भरत नाहीत. आपल्याला कामाचा तो निव्वळ खर्च: छापील भावातून परत न करायची मदत वजा केल्यावर जे उरतं ते. समजा एका कॉलेजाचा भाव 85,000 डॉलर आहे आणि ते तुम्हाला 55,000 चं अनुदान देतं. दुसऱ्याचा भाव 52,000 आणि मदत 12,000. पहिलं 30,000 ला पडलं, दुसरं 40,000 ला. ‘महाग’ कॉलेज स्वस्त निघालं.

सरकारी मदत योजनेत असलेल्या प्रत्येक कॉलेजाला 2011 पासून आपल्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचा कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो. उत्पन्न आणि बचतीचे आकडे भरले की अंदाज मिळतो. हा कॅल्क्युलेटर कॉलेजाच्या प्रेमात पडण्याआधी वापरा. घरचा स्वतःचा व्यवसाय असेल किंवा आई-वडील विभक्त असतील तर अंदाज चुकू शकतो, अशा वेळी फायनान्शियल एड कार्यालयाला सरळ लिहावं.

मदत दोन तऱ्हेची असते आणि हा फरक यादीची दिशा बदलतो. एक गरजेवर आधारित, दुसरी गुणवत्तेवर. अॅमहर्स्ट, विल्यम्स, स्वार्थमोर गरजेवर भरघोस देतात, पण गुणवत्तेसाठी सहसा देत नाहीत. विल्यम्सनं 2022 पासून मदतीतून कर्ज पूर्ण काढून टाकलं आहे, म्हणजे तिथली मदत परत फेडावी लागत नाही. ओबरलिन, वूस्टर, डेनिसन अशी कॉलेजं चांगल्या विद्यार्थ्याला गुणवत्तेवरही सूट देतात. तेव्हा ज्यांचं उत्पन्न मदतीला ‘जास्त’ आणि छापील भावाला ‘कमी’ आहे, अशा मधल्या घरांनी दुसऱ्या गटाकडे नक्की पाहावं. केंटकीतलं बेरीया कॉलेज या सगळ्यांहून वेगळं. तिथं शिकवणीची फीच नाही, आणि प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान दहा तास कॉलेजचं काम करतो. प्रवेश मुख्यतः कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना.

अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्यांसाठी नियम वेगळे आहेत. सरकारी मदत त्यांना सहसा मिळत नाही, जे मिळेल ते कॉलेजाच्या खिशातून. ‘नीड-ब्लाइंड’ म्हणजे प्रवेश ठरवताना पैशांची गरज न पाहणारी कॉलेजं परदेशी अर्जदारांसाठी फार थोडी आहेत. लिबरल आर्ट्सपैकी अॅमहर्स्ट आणि बोडन त्यांत येतात. बाकी बहुतेक ‘नीड-अवेअर’, म्हणजे मदत जितकी जास्त मागाल तितकी निवड कठीण. मदतीची गरज लपवून अर्ज करायचा आणि नंतर मागू, असा बेत कृपया आखू नका. अनेक कॉलेजं पहिल्या वर्षी न मागितलेली मदत परदेशी विद्यार्थ्यांना पुढे देत नाहीत.

हे सगळं एका ठिकाणी तपासायचं असेल तर ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा दस्तऐवज शोधा. कॉलेजाच्या नावापुढे हे शब्द टाकले की बहुधा सापडतो. रूक्ष तक्ते असतात, पण सगळ्या कॉलेजांचा साचा एकच, त्यामुळे तुलना सोपी. बी विभागात पहिल्या वर्षानंतर किती मुलं टिकली ते कळतं. सी-7 मध्ये प्रवेशासाठी काय किती महत्त्वाचं ते असतं, आणि अर्जदारानं दाखवलेला रस मोजतात की नाही तेही. मोजत असतील तर त्यांच्या ऑनलाइन माहितीसत्राला नाव नोंदवून हजर राहणं शहाणपणाचं. एच विभागात मदतीचे आकडे असतात, आणि एच-6 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना सरासरी किती मदत मिळाली ते. आय विभागात वर्गांचे आकार. माझं मत विचाराल तर एच विभाग सगळ्यात आधी वाचा.

छोट्या कॉलेजांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे कॉलेजाची स्वतःची तब्येत. न्यूयॉर्क राज्यातलं 1868 पासूनचं वेल्स कॉलेज 2024 मध्ये बंद पडलं. त्याच वर्षी अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्नही. कॅलिफोर्नियातलं मिल्स 2022 मध्ये एका मोठ्या विद्यापीठात विलीन झालं. व्हर्जिनियातलं स्वीट ब्रायर 2015 मध्ये बंद होणार म्हणून जाहीर झालं होतं, ते माजी विद्यार्थिनींनी पैसा उभा करून आणि कोर्टात लढून वाचवलं. विद्यार्थिसंख्या सलग चार-पाच वर्षं घटते आहे का, एकामागून एक विभाग बंद होताहेत का, कॉलेजाची गंगाजळी किती आहे, एवढं पाहिलं तरी बराच अंदाज येतो.

तारखांचं थोडक्यात. ‘अर्ली डिसिजन’चे अर्ज साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला किंवा मध्याला जातात आणि तो करार बांधील असतो: प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मदत खरोखर अपुरी असेल तर सुटका होते, पण चार ठिकाणच्या मदतीची तुलना करायची संधी जाते. ज्या घराला पैशांची तुलना करावी लागणार आहे त्यांनी इथं घाई करू नये. नेहमीचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला, निर्णय मार्चअखेरपर्यंत, आणि उत्तर द्यायची रूढ तारीख 1 मे. म्हणून वर सांगितलेलं सगळं काम अकरावीच्या हिवाळ्या-वसंतात सुरू झालेलं बरं. त्या वेळी यादीत पंधरा-वीस नावं असली तरी हरकत नाही. वेळापत्रक आणि कॅल्क्युलेटर यांतून गेल्यावर आठ-दहा उरतात.

कॅम्पसला जाणं जमलं तर मार्गदर्शक फेरीनंतर तासभर भोजनगृहात बसा. जमलं नाही तर प्रवेश कार्यालयाला लिहून तुमच्या विषयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी किंवा विद्यार्थिनीशी गाठ घालून मागा. बहुतेक कॉलेजं आनंदानं घालून देतात. “कॉलेज कसं आहे?” असं विचारलंत तर “छान आहे” एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा: गेल्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत तू काय काय केलंस? कुठला वर्ग हवा होता आणि मिळाला नाही? शेवटचं एखाद्या प्राध्यापकाच्या खोलीत कधी गेलीस, आणि कशासाठी? सुट्टीत घरी न जाणारी मुलं कुठं जेवतात? बोलणं संपलं की लगेच पाच ओळी लिहून काढा, तिच्याच शब्दांत. चौथ्या कॉलेजापर्यंत पोचता पोचता पहिल्याचं काहीच आठवत नाही, आणि एप्रिलमध्ये दोन प्रवेशपत्रं समोर ठेवून बसाल तेव्हा त्या पाच ओळी कामी येतात.